किडकं वांगं म्हणजे सेंद्रिय वांगं नव्हे

प्रश्न ठाण्याच्या एका ताईंचा आहे. घरात चार माणसं, त्यात सहा वर्षांची मुलगी. जवळच ऑर्गॅनिक मालाचं दुकान निघालंय. तिथे तूरडाळ किलोमागे ८० रुपयांनी महाग, गूळ जवळजवळ दुप्पट. सासूबाई म्हणतात, वांग्यात अळी निघाली की समजावं, औषध मारलेलं नाही. नवरा म्हणतो, सगळी लूट आहे. ताईंना दोन गोष्टी हव्यात: यातलं खरं काय, आणि सगळंच परवडत नसेल तर आधी काय घ्यावं?

मी १८ वर्षं सेंद्रिय प्रमाणीकरणाची तपासनीस म्हणून शेतं तुडवली. आता ते काम सोडलंय. ३० घरांसाठी वर्षाचं धान्य थेट शेतकऱ्यांकडून आणते. त्यामुळे बांधावरची लबाडीही पाहिली आहे आणि ग्राहकांचे भाबडे समजही.

सासूबाईंचा समज आधी घेऊ, कारण तो घरोघरी आहे. वांग्यातली अळी ही शेंडे आणि फळं पोखरणारी. अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात ती फळात शिरते आणि आपलं भोक बुजवून टाकते. मग वरून कितीही औषध मारा, तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणूनच शेतकरी मेटाकुटीला येऊन पुन्हा पुन्हा पंप पाठीवर घेतो. तुमच्या हातातल्या किडक्या वांग्यावर आठ-दहा फवारण्या झालेल्या असू शकतात. उलट जो शेतकरी नर पतंगांना मादीच्या गंधाने ओढणारे कामगंध सापळे लावतो, मलूल झालेले शेंडे रोज खुडून वावराबाहेर नेतो, त्याची बिनविषारी वांगी अगदी देखणी निघतात. आकार, चकाकी, वास, चव यांतल्या कशावरूनही सेंद्रिय ओळखता येत नाही. मला येत नाही, आणि दुकानदाराला येतं असं तो म्हणत असेल तर त्या दुकानातून निघा. भाजीत टोचून ‘शुद्धता’ दाखवणारी खिशातली यंत्रं मिळतात, तीही कीटकनाशक मोजत नाहीत. त्यांतली बहुतेक भाजीच्या रसातून वीज किती वाहते ते मोजून नायट्रेटचा अंदाज बांधतात.

ओळखता येत नाही, कारण सेंद्रिय हा शब्द मुळात भाजीचं वर्णनच करत नाही. शेतात काय घातलं, काय घातलं नाही, आणि किती वर्षं, एवढंच तो सांगतो. रासायनिक खत नाही, रासायनिक कीडनाशक-तणनाशक नाही, जनुकीय बदल केलेलं बी नाही. नियम पाळायला लागल्यापासून हंगामी पिकांना पेरणीआधी साधारण दोन वर्षं आणि आंबा-डाळिंबासारख्या बहुवर्षायू पिकांना पहिल्या तोडणीआधी तीन वर्षं जावी लागतात. मधल्या काळाला रूपांतरण म्हणतात. त्या वर्षांत उत्पन्न बहुधा घटतं, खुरपणीची मजुरी वाढते आणि भाव मात्र साधाच मिळतो. दुकानातला जास्तीचा भाव थोडाफार तिथून येतो.

आणि ‘फवारणीच नाही’ हेही खरं नव्हे. निंबोळी अर्क, दहा झाडपाल्यांचा दशपर्णी अर्क, ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, हे सगळं चालतं. गंधक आणि ताम्रयुक्त बोर्डो मिश्रणसुद्धा मर्यादेत चालतं. एका ग्राहक बाईंनी माझ्या ओळखीच्या शेतकऱ्याला पाठीवर पंप घेतलेला पाहिला आणि तिथून घेणंच बंद केलं. पंपात निंबोळी अर्क होता.

तपासणीला गेले की मी आधी पिकाकडे जात नसे. आधी शेड. कोपऱ्यातला पंप उचलून झाकण उघडायचं आणि वास घ्यायचा. निंबोळीचा वास वेगळा, बाटलीतल्या औषधाचा वेगळा. एकदा नाकात बसला की विसरत नाही. मग पोती. एकदा सोलापूरकडे एका शेडमध्ये सेंद्रिय तूर चक्क युरियाच्या रिकाम्या पोत्यांत भरून ठेवली होती. शेतकरी म्हणाला, “बाई, रिकामीच आहेत की! धुऊन घेतलीत.” बहुतेक खरंच सांगत होता. तरी त्रुटी लिहावी लागली, कारण रिकामं पोतं कधी आणि कुठे रिकामं झालं, ते मला कसं कळणार? त्यानंतर वही: पेंड कुठून आणली, पावती दाखवा; शेणखत घरचं म्हणता, तर जनावरं किती? शेवटी गुणाकार. कोरडवाहू तुरीचा एकरी उतारा चार-पाच क्विंटलच्या आसपास. कागदावर दोन एकर तूर आणि विक्री २५ क्विंटल असेल, तर उरलेली तूर बाजारातून आली, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. मी पकडलेली बरीचशी लबाडी या गुणाकारात सापडली, पिकाच्या पानावर नाही.

ग्राहकाला शेडमध्ये शिरता येत नाही, म्हणून कागद. आपल्याकडे दोन वाटा आहेत. एक, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, म्हणजे एनपीओपी. हा २००१ पासून चालू आहे, वाणिज्य मंत्रालयाखालची अपेडा ही शेतमाल निर्यातीची संस्था तो पाहते, आणि तपासणी त्रयस्थ संस्था करते. या वाटेचा शिक्का ‘इंडिया ऑरगॅनिक’. दुसरी वाट पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभाग हमी पद्धत. ही कृषी मंत्रालयाची. यात गावातले किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. खर्च नगण्य, म्हणून लहान शेतकऱ्याला हीच परवडते. शेजारी शेजाऱ्याला सांभाळून घेतो, ही तिची लंगडी बाजू. पण शेजाऱ्यापासून लपतही काही नाही. रात्री कोणाच्या वावरात बॅटरी फिरली, ते सकाळी पारावर कळतं. पीजीएसचे शिक्के दोन आहेत: ‘ऑरगॅनिक’ म्हणजे पूर्ण झालेलं, ‘ग्रीन’ म्हणजे रूपांतरण चालू असलेलं. दुकानात ग्रीनचा माल पूर्ण सेंद्रियच्या भावाने विकलेला मी अनेकदा पाहिलाय.

या दोन्हींवर एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१७ चे नियम आहेत. सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ‘जैविक भारत’चा शिक्का, सोबत वरच्या दोनांपैकी एक, आणि चौदा आकडी परवाना क्रमांक असायला हवा. याच नियमांत सेंद्रिय मालातला कीडनाशकाचा अंश साध्या मालाच्या मर्यादेच्या पाच टक्क्यांच्या आत, किंवा यंत्राला मोजता येईल त्या किमान पातळीइतका, यांपैकी जे जास्त असेल तेवढा चालतो. म्हणजे शून्याची हमी कायदाही देत नाही. शेजारच्या वावरातून वाऱ्यावर येतं, कॅनॉलच्या पाण्यातून येतं. ‘शंभर टक्के विषमुक्त’ लिहिलेलं दिसलं की मी पाकीट परत ठेवते.

लहान शेतकरी स्वतः थेट तुम्हाला विकत असेल तर त्याला या प्रमाणपत्रातून सूट आहे. तेव्हा शिक्का नसलेला शेतकरी खोटा ठरत नाही. शिक्का नसलेलं दुकानातलं पाकीट मात्र नकोच.

भिंतीवर लावलेल्या चौकटीचीही एक गोष्ट सांगते. उपनगरातल्या एका चकचकीत दुकानात काउंटरमागे प्रमाणपत्र टांगलं होतं. सवयीने जवळ जाऊन वाचलं. मुदत दीड वर्षापूर्वी संपलेली, पीक केळी आणि हळद, क्षेत्र तीन एकर. दुकानात मात्र स्ट्रॉबेरीपासून बासमतीपर्यंत सगळं ‘आमच्या प्रमाणित शेतातलं’. मुलाला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, सर्टिफिकेट आहे ना?” होतं. पण प्रमाणपत्र दुकानाला नसतं, ठरावीक शेताला, ठरावीक पिकाला आणि ठरावीक मुदतीला असतं. या तीन ओळी वाचायला अर्धा मिनिट लागतो. फोटो काढू का, असं विचारून बघा. खरा दुकानदार आनंदाने काढू देतो.

आता शब्दांची भेसळ. ‘रेसिड्यू-फ्री’ हा प्रामाणिक शब्द असू शकतो, पण त्याचा अर्थ रासायनिक औषधं वापरली आणि काढणीआधी पुरेसे दिवस थांबलं, म्हणून अंश मर्यादेत राहिला. नाशिकच्या निर्यातीच्या द्राक्षांची अशीच काटेकोर तपासणी होते आणि ती द्राक्षं मी बिनधास्त खाते. सेंद्रिय म्हणून मात्र नाही. हायड्रोपोनिक पालेभाजी पाण्यात विरघळलेल्या रासायनिक खतांवरच वाढते; स्वच्छ असते, सेंद्रिय नसते. ‘नैसर्गिक शेती’ हा शेण-गोमूत्राच्या जीवामृत-घनजीवामृतवाला वेगळा पंथ आहे, विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी तो देशभर नेला. शेतकरी खरोखर तसं करत असेल तर उत्तमच. पण पाकिटावर नुसतं ‘नॅचरल’ छापायला शेण-गोमूत्र कालवावं लागत नाही. लाकडी घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, बिनपॉलिशची डाळ ही सगळी प्रक्रियेची नावं आहेत. शेंगदाणा कोणत्या शेतातला, ते घाणा सांगत नाही.

या घोटाळ्याचा राजा गूळ. ताई, तुमच्या दुकानातला गूळ ‘केमिकल-फ्री’ आहे की ‘ऑर्गॅनिक’, ते आधी बघा. कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळावर थंडीतल्या पहाटे बसले होते. काहिलीत रस उकळत होता, भेंडीच्या खोडांचा चीक टाकून गुळव्या मळी काढत होता. रस घट्ट होत आला तशी त्याने डब्यातून पांढरी पावडर मुठीने उधळली, आणि बघता बघता तपकिरी पाक पिवळा झाला. ती हायड्रॉस पावडर, रंग उडवणारं रसायन. मालक लपवत नव्हता. म्हणाला, “पिवळाधमक नसला तर व्यापारी भाव पाडतो. तुम्हा शहरवाल्यांनाच पिवळा लागत होता, आता काळा लागतो. काळा देऊ.” हायड्रॉस घातली नाही की झाला केमिकल-फ्री गूळ. पण त्या उसाला युरिया आणि तणनाशक मिळालेलंच असतं. आणि काळपटपणा हा पुरावा नव्हे: जाळ जास्त लागला, मळी नीट निघाली नाही, जमीन खारवट असली, तरी गूळ काळा होतो. सेंद्रिय गूळ म्हणजे सेंद्रिय ऊस आणि वर बिनपावडरीचं गुऱ्हाळ. दुप्पट भाव या दोन्हींसाठी द्यावा. नुसत्या बिनपावडरीसाठी थोडा जास्त द्या, दुप्पट नको.

तब्येतीचं काय? सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ साली आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पोषणात मोठा फरक सापडला नाही, कीडनाशकांचे अंश मात्र कमी दिसले. २०१४ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलच्या गटाने तसाच आढावा घेतला, त्यात काही अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी निघाला. भांडण चालू आहे. माझ्यापुरतं कारण वेगळं आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तोंडाला रुमाल, अनवाणी पाय, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत वर तोंड करून फवारणी. हे मी पाहिलेलं आहे. आपल्या ताटात अंश उरतो, फवारणाऱ्याच्या फुफ्फुसात अख्खी फवारणी जाते. तुमच्या मुलीसाठी मात्र एक सांगते: सेंद्रिय परवडत नाही म्हणून भाजी-फळं कमी करू नका. तो तोटा मोठा.

पैशांकडे वळू. इथे बहुतेक घरांचं गणित उलटं होतं. दुकानात डाळी, कडधान्यं, पिठं मिळतात, कारण टिकतात. म्हणून लोक तिथे खर्च करतात. पण तुरीवर घाटेअळीसाठी औषध मारलं तरी दाणा शेंगेत असतो, काढणी, मळणी, भरडणी आणि साल जाण्यात महिने निघून जातात. भाजीचं तसं नाही. भेंडीचा तोडा दिवसाआड. औषधाच्या बाटलीवर ‘काढणीपूर्वी अमुक दिवस थांबा’ लिहिलेलं असतं; शेतकरी थांबला तर भेंडी निबर होते आणि पट्टी, म्हणजे बाजारातून मिळणारे पैसे, हातचे जातात. तो थांबत नाही. काल मारलं, आज तोडलं, उद्या तुमच्या कढईत. हिरवी मिरची, वांगी, फ्लॉवर, ढोबळी, टोमॅटो, पावसाळ्यातली कोथिंबीर, सगळ्यांची हीच कथा. त्यात काही औषधं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून फिरणारी. मिठाच्या पाण्याने वरचं धुतलं जातं, आतलं नाही. धुवाच, पण धुण्यावर विसंबू नका.

म्हणून पहिला पैसा भाजीत घाला, आणि तोही दुकानात नको. आठवड्याला टोपली आणणारा शेतकरी गट किंवा शनिवार-रविवारचा शेतकरी बाजार धुंडाळा. आणि हंगाम पाळा, हे फुकटचं औषध आहे. फ्लॉवर-कोबी थंडीत खा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तीच भाजी अळीशी लढत जगते आणि ती लढाई औषधाने होते. सुरण, रताळी, लाल भोपळा, शेवगा, अळू, कच्ची केळी यांना मुळात फवारणी कमी. त्यांच्या ‘ऑर्गॅनिक’ चिकटपट्टीला जादा पैसे देऊ नका. पावसाळ्यात आदिवासी बायका शेवळं, करटोली, भारंगी घेऊन ठाण्याच्या बाजारात बसतात. त्या रानभाजीला कोणी पंप लावलेला नाही आणि प्रमाणपत्रही नाही. नेमकी त्यांच्याशीच आपण दहा रुपयांवरून घासाघीस करतो.

दुसरा पैसा लाल तिखटात. मिरचीवर फुलकिडे आणि चुरडामुरडा येतो, औषधं ढीगभर पडतात, आणि वाळली की सगळं सालीसकट दळलं जातं. घरच्या चार माणसांना वर्षाला दोन-तीन किलो लागणार. दुप्पट भावही सोसतो. अख्खी मिरची घ्या, डंकावर कुटून आणा. हळदही हळकुंडाचीच घ्या. पुडीतल्या हळदीत लेड क्रोमेटचा, म्हणजे शिसं असलेला, पिवळा रंग असू शकतो, आणि तो शेतातला नव्हे, कारखान्यातला दोष आहे. सेंद्रियचा शिक्का तुम्हाला भेसळीपासून आपोआप वाचवत नाही. शेंगदाण्याचंही तसंच. ओल लागून बुरशी आली की अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि बुरशी प्रमाणपत्र वाचत नाही. खवट, काळसर, सुरकुतलेला दाणा सेंद्रिय असला तरी फेकाच.

डाळ-धान्य शेवटी, पण वेगळ्या रीतीने. महिन्याला तीन किलो तूरडाळ धरली तर तुम्ही दुकानाला २४० रुपये जास्त देणार. त्याऐवजी मार्च-एप्रिलमध्ये चार घरं मिळून शेतकऱ्याकडून वर्षाचं घ्या. मधली साखळी गेली की माझ्या गटात सेंद्रिय तूर दुकानातल्या साध्या डाळीच्या आसपास बसते. शाळू आणि नाचणी यांना तर औषध फारसं लागतच नाही. मंगळवेढ्याची ज्वारी हिवाळ्यात जमिनीतल्या ओलीवर येते. तिच्यावर ‘ऑर्गॅनिक’ लिहून दुप्पट मागणाऱ्याला मी हसून नमस्कार करते. दूध-अंड्यांच्या ऑर्गॅनिकवर तर खर्चच करू नका. जनावराचा चारा-पेंड सेंद्रिय आहे, हे सिद्ध करणारे फारच थोडे.

शेतकऱ्याला फोन कराल तेव्हा “औषध मारता का?” असं विचारू नका. नाहीच म्हणणार. विचारा, यंदा तुरीवर अळी आली तेव्हा काय केलं? खरा सेंद्रियवाला दहा मिनिटं बोलायचा थांबत नाही: पक्षी बसायला काठ्या रोवल्या, झाड हलवून अळ्या पोत्यावर पाडल्या, दोनदा निंबोळी मारली, तरी चार आणे माल गेला. खोटा म्हणतो, आमच्याकडे अळी येतच नाही. मग विचारा, शेजारी काय लावतो आणि मध्ये बांध किती? आणि काढणीच्या आधी एकदा घरच्यांसकट वावर बघायला येऊ का, ते विचारा. बरेच शेतकरी घरी खायला चार सरी वेगळ्या ठेवतात, त्यांवर औषध मारत नाहीत. गेलात तर त्या सरी कोणत्या, ते नक्की विचारा. वेगळ्या सरी असतील तर तुमचा माल कुठून येणार, ते तिथेच कळेल.

आणि धान्य घरी आल्यावर एक कृपा करा. आमच्या गटातल्या एका वहिनींनी ५० किलो सेंद्रिय गहू नेला, गच्चीवर वाळवला, आणि पोरकिडा लागू नये म्हणून त्याला सढळ हाताने बोरिक पावडर चोळून कोठीत भरला. पाऱ्याच्या गोळ्या घालणारेही आहेत. गव्हाला दोन कडक उन्हं द्या, रात्रभर पूर्ण गार होऊ द्या, कारण गरम धान्य भरलं की आत घाम धरतो. कोरड्या कोठीत तळाला आणि वर कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. डाळीला एरंडेलाचा हात लावा, किलोला चमचाभर पुरतो, आणि शिजवण्याआधी कोमट पाण्याने धुऊन टाका. पावसाळ्याआधी एकदा उघडून बघा. चार सोंडे निघाले तर चाळून घ्या आणि पुन्हा ऊन दाखवा; तेवढ्यासाठी मला रात्री साडेदहाला फोटो पाठवायची गरज नसते, पण पाठवतात.